परिवहनमंत्र्यांना खुलं पत्र : एकाच रस्त्यावर एसटी आणि पीएमपीची हद्द कशाला?

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

सिंहगडाच्या पायथ्याला जायचं तर स्वारगेटहून ५० नंबर, हे पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण शहराच्या इतर कडांना कुठली गाडी जाते ते विचारा, चार जण चार उत्तरं देतील. मला या कडांचा नाद आहे. सुट्टीच्या दिवशी पास काढायचा, न पाहिलेल्या गावाची पाटी दिसेल त्या गाडीत खिडकी धरायची आणि गाडी वळेल तिथे उतरायचं. थेऊरचा चिंतामणी आणि थोरल्या माधवरावांनी १७७२ साली देह ठेवला तो परिसर, उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम, दिवे घाट चढून गेल्यावर सासवडच्या सोपानदेवांची समाधी, हे सगळं मी असंच पाहिलं.

पीएमटी, म्हणजे आजच्या पीएमपी या शहर बससेवेची पूर्वज, १९५० ची. तिच्या काळात शेवटचा थांबा म्हणजे बहुतेक वेळा वडाखाली गाडी वळवण्यापुरती मोकळी जागा आणि एक टपरी. चहा घेता घेता कंडक्टर परतीच्या गाडीची वेळ सांगायचा आणि वर "चुकवू नका, नंतर काही नाही" असं बजावायचा. तिथून पहाटे सुटणारी गाडी खरी बघण्यासारखी. मधल्या वाटेत दुधाच्या किटल्या, मागच्या दारापाशी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांची गाठोडी, लगेजच्या तिकिटावरून ठरलेली हुज्जत आणि मार्केट यार्ड येईपर्यंत ओल्या पाल्याचा वास. आजही मांजरी, लोणी काळभोरकडून येणाऱ्या पहिल्या गाड्यांत तो येतो, थोडा कमी.

त्या कडा आता राहिल्या नाहीत म्हणा. २०१७ मध्ये धायरी, लोहगाव, उंड्री महापालिकेत आले, २०२१ मध्ये वाघोली, खडकवासला, मांजरी. वडाच्या जागी बारा मजली सोसायट्या उठल्या आणि शेवटचा थांबा नुसता एक थांबा झाला. त्याचं मला फारसं दुःख नाही. शहर वाढतं, कड पुढे सरकते. गाडीनंही तिच्यामागून पुढे जावं, एवढीच अपेक्षा.

आणि ती गेलीही होती! २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप लांबला तेव्हा पीएमपी थेट खेड्यांपर्यंत धावू लागली. हडपसरहून मोरगाव, कात्रजहून विंझर. पण संप मिटल्यावर एसटीनं उत्पन्न बुडतं अशी तक्रार केली आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून असे मार्ग बंद होत गेले. एसटीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तोट्यातल्या महामंडळाच्या भरल्या मार्गावर दुसऱ्यानं गाडी घालावी हे कुणालाच रुचणार नाही. पण मार्ग बंद करताना जागेवर एसटीच्या तितक्याच फेऱ्या येतील याची हमी कोण घेणार होतं?

आता गंमत बघा. २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ पासूनच प्रवास फुकट आहे. पीएमपीला हे नियम लागू नाहीत. उलट पीएमपीचा दिवसाचा पास एसटीचा कंडक्टर ओळखत नाही. त्यामुळे भाजी घेऊन निघालेली बाई फाट्यावर उभी राहून हिशेब करते : समोर आली ती लाल गाडी घ्यावी, की पासात बसणाऱ्या गाडीची वाट पाहावी. कॉलेजच्या पोरांचं तर दोन पासांशिवाय भागत नाही. पीएमपी आणि एसटी या दोघींचे मालक वेगळे, हे त्या बाईला माहीत असायचं कारणच नाही.

पीएमपी आपल्या थेट अखत्यारीत नाही, ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची आहे, हे मला कळतं. पण एसटी आपली आहे, आणि तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावरच धावली होती. तेव्हा पहिलं पाऊल आपल्या खात्यानं टाकायला हरकत नसावी. वेशीपासून पुढच्या टप्प्यापुरता दोन्ही गाड्यांत चालेल असा एकच पास काढा. ज्या मार्गावर एसटीच्या फेऱ्या दोन-चारच आहेत, तिथे पीएमपीला ना हरकत द्या, उत्पन्नाची वाटणी कागदावर करून घ्या. मुक्कामी गाडी बंद करायची वेळ आली तर आधी गावात विचारा, सकाळी तिच्यातून कोण जातं ते. आणि शेवटच्या थांब्यावर परतीच्या गाडीची वेळ मराठीत, ठळक अक्षरात रंगवा. ॲप असेलही, पण डोंगराआड रेंज जाते तेव्हा भिंतीवरची पाटीच कामी येते.

यासाठी समिती नेमायची गरज मला दिसत नाही. स्वारगेटला एसटीचं स्थानक आणि पीएमपीचं आगार हाकेच्या अंतरावर आहेत. दोन्हीकडचे वाहतूक अधिकारी एका दुपारी तिथे बोलवा, वेळापत्रकं टेबलावर ठेवायला लावा. आपणही या, फक्त यायचं ते बसनं. सकाळची विंझरकडची कुठलीही गाडी चालेल.

आपला,
पुण्याचा एक पासधारक