झेंडा मेजाशेजारी नको

शरणपूर रोड, नाशिक
१७ ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजाशेजारी तिरंगा कायमचा उभा करावा का, यावरून तुमच्या मंडळीत दोन तट पडले आणि पंच म्हणून तुला मी आठवलो! पाळकसाहेबांचा रोष ओढवून घ्यायची हौस नाही, पण विचारलंसच म्हणून सांगतो. झेंडा आवारात, उंच काठीवर फडकू दे, मेजाशेजारी नको. तिथे आपण गुडघे टेकतो, ते फक्त एकापुढे. देशावर जीव ओवाळावा, पण देशाला देव करू नये.

तुमची तरुण पोरं म्हणतात, आपणही देशभक्त आहोत हे लोकांना दिसायला हवं. मला नेमकं हेच खटकतं. इथे आपल्यातली किती माणसं देवळालीच्या लष्करात, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात राबून पेन्शनीत निघाली. त्यांनी कुणाला पुरावा दिला नाही, द्यावासा वाटलाही नाही.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं बघ. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं दुरावल्या. पण देशावरच्या कविता काही थांबल्या नाहीत. ख्रिस्ताला त्यांनी अभंग-ओव्यांत आणलं, आणि १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरीही सोडली. परक्यांच्या आधाराशिवाय इथल्या मातीतला ख्रिस्त त्यांना हवा होता. देशप्रेम आणि विश्वास यांची वाटणी करायला ते बसलेच नाहीत.

आता दुसरी बाजू. केरळातली ती तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची, राष्ट्रगीताला मानाने उभी राहायची, पण श्रद्धेपोटी गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. मी त्यांच्या पंथाचा नाही, आणि राष्ट्रगीत बेंबीच्या देठापासून गातो. तरी तो निकाल मला आपला वाटतो. सक्तीने गायलेल्या गाण्यात देशाला काय मिळणार?

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात कैदेत गेलेल्यांना सांगितलं होतं, त्या शहराचं भलं चाहा, त्यासाठी प्रार्थना करा. ते शहर परकं, शत्रूचं. आपण तर गोदाकाठचेच! म्हणून प्रार्थनेत ‘देशाच्या अधिकाऱ्यांना सुबुद्धी दे’ एवढं घाईघाईत उरकू नका. कांद्याचा भाव पडलेला शेतकरी, गोदेत सुटणारं सांडपाणी, हेही नावानिशी येऊ द्या. आणि त्याबद्दल सोमवारी महापालिकेत अर्जही द्या.

झेंड्यावर मंडळीत मतदान काय झालं ते कळव. वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझाच