शंभर पाने आणि एक कढई हुग्गी

महोदय,

लग्नसराईतले कार्यालयांचे भाडे आणि ताटाचा दर ऐकला की मुलीच्या बापाला घाम फुटतो. आम्ही यंदा मुलीचे लग्न नोंदणी पद्धतीने केले. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात. हे आम्हाला उशिरा कळले, मुहूर्त पुढे गेला आणि व्याह्यांची समजूत काढताना नाकी नऊ आले.

पंगत मात्र घरच्याच अंगणात, मोजून शंभर पाने. आचारी पनीरवर अडून बसला होता. सासूबाईंनी ऐकले नाही. गव्हाची हुग्गी म्हणजे खीर, कडक भाकरी, भरले वांगे आणि शेंगाचटणी. हुग्गी तळाला लागू नये म्हणून शेजारची पोरे पहाटेपासून आळीपाळीने उलथणे फिरवत होती; वर तुपाची धार धरली तेव्हा निम्मी गल्ली कढईभोवती. परतीचा आहेर म्हणून यंत्रमागाच्या कारखान्यातून थेट आणलेले टॉवेल दिले. ते निदान वापरले तरी जातात.

आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर प्रतीकात्मक लग्न लागते; त्या अक्षता सोहळ्याला कुणाला पत्रिका जाते? तरी दरवर्षी मैदान भरते. आपल्या घरच्या कार्यालाच पाचशे पत्रिका कशाला?

महापालिकेने शाळांची सभागृहे उन्हाळी सुट्टीत माफक भाड्याने लग्नांना द्यावीत, एवढी विनंती.

– एक वधुपिता, सोलापूर