आधी डावा हात ऐकव

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

पियानोवर तू वाजवलेल्या बेथोवनच्या ‘फ्यूर एलीझ’चा व्हिडिओ पाहिला. सुरुवात गोड वाजली, पण ती सगळ्यांचीच गोड वाजते रे! पुढे एफ मेजर या पट्टीतले भरभर सूर आले की बहुतेक जण अडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तुझाही व्हिडिओ नेमका तिथंच संपला.

हसत नाहीये. चाळिशीत मी एकटीच शिकायला बसले, तेव्हा बेथोवनच्याच ‘मूनलाइट’ सोनाटाच्या पहिल्या भागामागे तीन महिने घालवले. ऐकायला संथ, म्हणून सोपा वाटला. पण त्यात चार शार्प, म्हणजे चार सूर कायम काळ्या पट्टीवर, आणि उजव्याच हातानं तीन-तीन सुरांची साखळी फिरवत वरची चाल करंगळीनं वेगळी काढायची. मला जमलं नाही ते नाहीच, मनगट मात्र धरलं.

तुझी अडचण आणखी वेगळी. तू आजोबांच्या पेटीवर वाढलास. पेटीवर बोटं नाचतात उजव्या हाताची, डावा बिचारा भाता मारतो. म्हणून तुझा उजवा पुढं पळतो आणि डावा मागून फरफटत येतो. तेव्हा कुठलाही पीस घेताना त्याची चाल किती ओळखीची आहे ते सोड, डाव्या हाताला काय काम दिलंय ते बघ.

संगीतकार बार्टोकच्या ‘मिक्रोकोस्मोस’ या पियानोच्या धड्यांचा पहिला भाग घे. पहिले दोन भाग त्यानं आपल्या मुलाला, पेटरला अर्पण केलेत. सुरुवातीला दोन्ही हात एकच चाल सप्तकाच्या अंतरानं वाजवतात, डाव्याला लपायला जागाच नाही. रुक्ष वाटतील, पण रोज दहा मिनिटं वाजव.

जोडीला जी मेजरमधला मिन्युएट, म्हणजे जुन्या नाचाची चाल. संगीतकार बाखच्या बायकोच्या, ॲना माग्डालेनाच्या १७२५ च्या वहीतला. कित्येक पुस्तकांत तो बाखच्या नावावर दिसेल, पण आहे क्रिस्टियान पेट्सोल्डचा. पांढरी पाचचा सा धर: प, सा रे ग म प, सा सा. अंगठा सा वर, करंगळी प वर, तेवढ्यापुरता हात जागचा हलवायचाच नाही. डावा बराच वेळ लांब सूर धरतो, मधूनच त्यालाही पळायला मिळतं. बत्तीस बारच, म्हणजे मात्रांचे छोटे गट, आहेत. ते सगळे वाजव, अर्धे नकोत.

मग बाखचा सी मेजर प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीची छोटी रचना, १७२२ च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ संग्रहातला. डाव्याला दोन सूर, उजव्याला तीन, आणि जवळजवळ प्रत्येक बारमध्ये तोच आकार दोनदा. आधी पाचही सूर एकदम दाब, आकार हातात बसला की सुटे कर. संगीतकार शूमानचा १८४८ चा मुलांसाठीचा संग्रहही आणून ठेव, त्यातला पहिला ‘मेलोडी’ सध्या पुरे. मात्र मोठ्या रचनांच्या ‘सोप्या आवृत्त्या’ आणू नकोस. त्यात बहुधा डाव्या हाताचंच काम छाटलेलं असतं.

‘फ्यूर एलीझ’ कुठं पळून जात नाही. १८१० मध्ये लिहिलेली ती रचना छापायलाच १८६७ उजाडलं होतं.

पुढच्या रविवारी मिन्युएटचा फक्त डावा हात पाठव. चुकलास तरी न थांबता, शेवटच्या बारपर्यंत.

तुझी,
आई