उशीखालचं शास्त्र

प्रिय सुहास,

येशूच्या नावात सलाम.

फोनवर तू अर्धंच सांगितलंस, उरलेलं ताईकडून कळलं. होस्टेलवर पोरांनी गणपती बसवला, सागरनं मोदक पुढं केला आणि तू त्याला सगळ्यांसमोर मूर्तींबद्दलचं बायबलमधलं स्तोत्र 115 ऐकवलंस. तोंड आहे पण बोलत नाही, कान आहेत पण ऐकत नाहीत. पोरगं आरतीचं ताट हातात घेऊन उभं होतं म्हणे.

वचनसुद्धा तू अर्धंच म्हटलंस रे. पुढचं आठवं वचन काय आहे? असल्या मूर्ती घडवणारे आणि त्यांच्यावर भरवसा ठेवणारे त्यांच्यासारखेच होतात. म्हणजे बघूनही न बघणारे, ऐकूनही न ऐकणारे. सागरचा चेहरा पडलेला तुला दिसला नाही, तेव्हा त्या खोलीत ते वचन कुणाला लागू झालं, याचा विचार कर.

मोदक खायचा की नाही, ते तुझं तू ठरव. करिंथच्या मंडळीतही मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्यावरून असाच घोळ झाला होता, आणि प्रेषित पौलानं उत्तराची सुरुवातच केली ती 'ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते' इथून. आपल्या पुण्याला तर हे भांडण नवीन नाही. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, चहा-बिस्किटं पुढं आली, त्यावरून गावभर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, रानडे आणि टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. तेव्हा चहा आपला होता आणि नको म्हणणारे ते. आता मोदक त्यांचा आणि नको म्हणणारे आपण. नको म्हणायलाही रीत असते.

शेजारच्या काकूंना मी एकदा मातीच्या मूर्तीबद्दल विचारलं होतं, जरा खवचटपणेच. त्या म्हणाल्या, "अगं, प्राणप्रतिष्ठेआधी ती मातीच, आणि विसर्जनानंतरही मातीच. देवाला माती लागत नाही, आम्हाला डोळ्यांपुढं काहीतरी लागतं." मी गप्प झाले. माती आहे हे त्यांना आपल्याइतकंच कळतं. माझा विश्वास वेगळा आहे तो इतकाच, की ज्याला मी देव म्हणते त्याला मी बोलावून आणलेलं नाही आणि मला त्याला निरोपही देता येत नाही. तो आपणहून येतो, नको तेव्हाही बोलतो, आणि नाही म्हणतो.

हे 'नाही' मला कसं कळलं, ते तुला कधी सांगितलं नाही. पप्पा हॉस्पिटलात होते तेव्हा मी त्यांच्या उशीखाली शास्त्र, आपलं बायबल, ठेवलं होतं, स्तोत्र 91 वर खूण घालून. तीन आठवड्यांत ते एकदाही उघडलं नाही, नुसतं ठेवलं होतं, ताईत ठेवावा तसं. वर चर्चला चार पंखे द्यायचं कबूल केलं. नवसच की तो, नाव प्रार्थना. एका रात्री पप्पा म्हणाले, "अगं, ते मानेला टोचतंय. काढ आणि वाच तरी." त्या रात्री वाचलं. आठ दिवसांनी पप्पा गेले.

त्यानंतर वर्षभर मी उपासनेला गेले नाही. तुम्हाला वाटायचं गुडघे दुखतात. गुडघे धड होते, मी भांडत होते. भाजी निवडताना, पीएमटीच्या रांगेत, रात्री अंथरुणावर. आणि त्या भांडणातच कधीतरी लक्षात आलं, की मी कुणाशी तरी बोलतेय. पंखे कबूल केले होते तेव्हा समोर कुणीच नव्हतं, नुसता माझा हिशेब होता. (जनाबाईही विठ्ठलाशी भांडायची, शिव्या घालायची, हे मला ठाऊक आहे. त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. सागरशी बोलताना हेही बोल.)

म्हणून मला आपल्या घरातल्या मूर्तींची जास्त काळजी वाटते. मोशेनं पितळेचा साप केला तो देवाच्याच सांगण्यावरून, त्याच्याकडे बघून माणसं वाचली. पुढं लोक त्यालाच धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजानं त्याचे तुकडे केले. 2 राजे, अध्याय 18. बाहेरून आणलेली मूर्ती नव्हती ती, देवानंच दिलेली वस्तू होती.

संडे स्कूलची सहल केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला गेली होती, आठवतं? तुला तिथला पेरूच आठवत असेल. रमाबाईंचे आईवडील देवदर्शनं आणि दानधर्म करत गावोगाव हिंडले आणि दुष्काळात उपाशी गेले. रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला 1883 साली. पण त्यांनीच लिहून ठेवलंय, की आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नव्हता. एवढी शिकलेली बाई, आणि तिला आठ वर्षं लागली. आपण तर जन्मापासूनचे ख्रिस्ती, आपल्याला ते उमगायला जास्तच लागायचं.

सागरची माफी माग. वचन खोटं होतं असं म्हणू नकोस, तसं ते नाही. आरतीच्या वेळी बोललो ते चुकलं, एवढंच म्हण.

कुरियरनं पप्पांचं शास्त्र पाठवतेय. शाईच्या खुणा त्यांच्या, स्तोत्र 91 वरचा डाग माझ्या चहाचा. सोबत चिवड्याच्या दोन पिशव्या आहेत, एक सागरची. तिखट कमी घातलंय, त्याला सोसत नाही असं तूच म्हणाला होतास.

तुझी,
आई