आधी रेडिओ घे, सोफा मागाहून

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. एकीकडे तुझं भांडी घासणं चालू होतं, त्यामुळे मी ‘बरं बरं’ म्हणून सोडून दिलं. आता नीट लिहिते.

पहिली गोष्ट ब्रिटनमधल्या तुझ्या घरी आलेल्या त्या टीव्ही लायसन्सच्या, म्हणजे टीव्ही बघण्यासाठी भरायच्या शुल्काच्या, पत्राची. रेडिओला लायसन्स लागत नाही. पूर्वी लागायचं, ते १९७१ सालीच बंद झालं. लाइव्ह टीव्ही किंवा बीबीसीचं इंटरनेटवरचं आयप्लेअर बघणार असशील तरच पैसे भरायचे. बघणार नसशील तर तसं त्यांना कळवून टाक आणि त्या पत्राची धास्ती घेऊ नकोस. पण रेडिओ मात्र घे. सोफ्याच्याही आधी घे. साधा डीएबीचा, म्हणजे डिजिटल प्रसारण पकडणारा, चालेल, चॅरिटी शॉपमध्ये मिळाला तर आणखी बरं. आणि तो स्वयंपाकघरात ठेव. फोनवर सगळं ऐकता येतं हे मलाही कळतं गं, पण फोनवर तू तुला आवडतं तेवढंच शोधून लावणार. मला तुला न आवडणारंही ऐकवायचं आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तू म्हणालीस, ऑफिसात जेवायला बसल्यावर शब्द सगळे कळतात, पण सगळे हसले की का हसले ते कळत नाही. तुझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून हे होत नाही. तुझ्याशी बोलताना ती माणसं सावकाश, जपून, हवापाण्याचं बोलतात. आपापसांत बोलतात ते निराळं. ते ऐकायचं तर त्यांच्यात बसायला हवं, आणि तेही कुणी ‘तू मूळची कुठली?’ असं न विचारता. बीबीसीचं रेडिओ फोर लावून कांदा चिरत उभं राहिलं की नेमकं हेच साधतं. मी ब्रिटन शिकले ते असंच. तू तेव्हा धड बोलायलाही लागली नव्हतीस, म्हणून तुला यातलं काही आठवायचं कारण नाही.

इंग्लंडमधल्या स्टोकच्या हॉस्पिटलात मी ब्लड बँकेत रात्रपाळी करायचे तेव्हा कपाटावर एक ट्रान्झिस्टर असे, एरियलला चिकटपट्टी लावलेला. अपघाताची केस आली की धावपळ, क्रॉसमॅचची, म्हणजे रक्त जुळतंय का ते तपासायची, घाई. नाही आली की सेंट्रीफ्यूजची घरघर आणि तो रेडिओ. रात्री पाऊण वाजून गेला की एक संथ, झोकांड्या खाल्ल्यासारखी धून लागायची. तिचं नाव ‘सेलिंग बाय’, रोनाल्ड बिंज यांची. ती संपली की शिपिंग फोरकास्ट, म्हणजे जहाजांसाठीचा हवामानाचा अंदाज. आजही १२ वाजून ४८ मिनिटांनी लागतं, एकदा जागून ऐक. ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे ३१ भाग केलेत आणि त्यांची नावं ठरलेल्या क्रमाने वाचतात: व्हायकिंग, नॉर्थ उत्सिरा, साउथ उत्सिरा, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर... नावामागून वारा कुठून आणि किती जोराचा, मग पाऊस, मग समुद्रात किती लांबवर दिसेल. वाऱ्याचा आकडा ब्यूफोर्टच्या मापाचा. आठ म्हटलं की गेल, म्हणजे वादळीच. शेवटी ‘गुड’ म्हणतात ते हवा छान आहे म्हणून नव्हे, दूरवरचं स्वच्छ दिसतंय म्हणून. हे सगळं साडेतीनशेच्या आसपास शब्दांत बसवायचं असतं, त्यामुळे क्रियापद म्हणून औषधालाही सापडत नाही. ट्रफाल्गार या भागाचं नाव एरवी फक्त या रात्रीच्या वाचनात येतं.

मी रत्नागिरीची. ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ हे आकाशवाणीवर ऐकत वाढलेली. त्यामुळे मला हे वाचन परकं वाटलंच नाही. मला नवल वाटलं ते याचं, की ज्यांचा समुद्राशी काडीचा संबंध नाही अशी लाखो माणसं ते अंथरुणात पडून, झोप यावी म्हणून ऐकतात. २००२ साली फिनिस्टेर या भागाचं नाव बदललं, कारण स्पेनवाले तेच नाव दुसऱ्या भागाला वापरत होते. त्यावर तिथे केवढी हळहळ झाली! नवीन नाव दिलं फिट्झरॉय. हे रॉबर्ट फिट्झरॉय म्हणजे डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचे कप्तान. पुढे १८५४ साली त्यांनीच हवामान खातं उभं केलं आणि १८६१ पासून वादळाचे इशारे द्यायला लागले. हवामानाच्या आख्ख्या खात्याचा मूळपुरुष, आणि त्याचं नाव नकाशावर यायला इतकी वर्षं लागली. वाचन संपल्यावर राष्ट्रगीत होतं आणि मग एक वाजता वर्ल्ड सर्व्हिस सुरू होते.

आता आर्चर्स. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

‘द आर्चर्स’ ही अँब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्याची मालिका. १९५० मध्ये तिचे प्रायोगिक भाग झाले आणि १ जानेवारी १९५१ पासून ती देशभर सुरू झाली, ती अजून चालूच आहे. युद्ध संपलं होतं, रेशनिंग चालू होतं, जास्त पिकवा असं सरकार शेतकऱ्यांना सांगत होतं. नुसतं सांगून कोण ऐकतो? म्हणून गोष्टीत घालून सांगायचं ठरलं. आजही मालिकेत शेतीची बाजू बघायला वेगळा माणूस असतो. भाग तेरा-चौदा मिनिटांचा, संध्याकाळी सातच्या बातम्यांनंतर. शनिवारी नसतो, आणि रविवारी सकाळी आठवड्याचे सगळे भाग एकत्र लागतात. लेट शिफ्टला आमच्या विभागातली सीनियर बाई ती डम-टी-डम-टी-डम धून लागली की हातानेच सगळ्यांना गप्प करायची. मला पहिल्यांदा वाटलं, हिच्या घरचा कुणी वारला वगैरे की काय. नंतर कळलं, की अँब्रिजमधल्या कुणाच्या तरी गायींना रोग झाला होता.

सुरुवातीला तुला कोण कोणाचा कोण ते कळणार नाही. नाही कळलं तरी चालेल. लग्नघरात कुठल्या मावशीचा कुठला दीर हे पहिल्या दिवशी कुठे कळतं? ऐकत राहा, आठ-दहा आठवड्यांत आवाज ओळखीचे होतील. जिल आर्चरचं काम पॅट्रिशिया ग्रीन १९५७ पासून करतायत. तिच्या नवऱ्याचं, फिलचं काम नॉर्मन पेंटिंग यांनी १९५० पासून २००९ साली जाईपर्यंत केलं. माणूस तरुणाचा म्हातारा झाला तो त्याच एका आवाजात. आणि बीबीसीवाले काही साधे नाहीत बरं का. २२ सप्टेंबर १९५५ ला नवीन आयटीव्ही वाहिनी सुरू होणार होती, नेमक्या त्याच संध्याकाळी यांनी ग्रेस आर्चरला तबेल्याच्या आगीत मारून टाकलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आयटीव्हीपेक्षा ग्रेसचीच चर्चा जास्त.

उषा गुप्ताही भेटेल तुला. भारतीय वंशाची वकील, १९९१ पासून गावात आहे. नव्वदच्या दशकात तिच्यावर वर्णद्वेषी हल्ले होतात अशी गोष्ट होती. पुढे २००८ साली तिने गावच्या व्हिकारशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूशी, लग्न केलं, आणि दोन्हीकडच्या माणसांनी नाकं मुरडली. ती नाकं मुरडणं लेखकांनी झकास पकडलंय.

पण तुला सांगायचीच अशी गोष्ट हेलन आणि रॉबची. ही २०१३ ते २०१६ या काळातली, म्हणजे आपण इकडे आल्यावरची. मी दिवेलागणीला इंटरनेटवरून पुनर्प्रसारण ऐकायचे. रॉब गावात आला तेव्हा गोड माणूस. हेलनशी लग्न झालं. मग हळूहळू, अगदी चमच्याचमच्याने, तो तिला बदलत गेला. हा ड्रेस तुला शोभत नाही. गाडी तू चालवू नकोस, तू दमतेस. आईकडे सारखं कशाला जायचं, मी आहे ना. प्रत्येक वाक्य काळजीचंच. टीव्हीवर असतं तर दिग्दर्शकाने त्याचे डोळे दाखवले असते, संगीत वाजवलं असतं. इथे फक्त आवाज. हेलन आधी कशी सरळ बोलायची आणि नंतर तोंड उघडण्याआधी कशी क्षणभर थांबायला लागली, एवढ्यावरून आपण समजायचं. मी बाबांना म्हणाले, ‘बघा, आता ती त्याला विचारून बोलते.’ बाबा म्हणाले, ‘मला तर दोघं चांगली बोलताना ऐकू येतात.’ तेच तर. गावातल्या बहुतेकांनाही तेच ऐकू येत होतं.

मारहाण न करता बायकोला असं कोंडणं हा इंग्लंड-वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासून गुन्हा आहे. एप्रिल २०१६ मध्ये हेलनने रॉबवर सुरी चालवली आणि सप्टेंबरमध्ये ज्यूरीने तिला निर्दोष ठरवलं. त्या निकालाचा भाग तासाभराचा होता. मधल्या काळात श्रोत्यांनी हेलनच्या नावाने, लक्षात घे, अस्तित्वातच नसलेल्या बाईच्या नावाने, एक लाख पौंडांहून जास्त पैसे गोळा करून ‘रेफ्यूज’ या घरगुती छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या संस्थेला दिले. तू शहाणी आहेस, मी का लिहिलं ते तुला कळेल. पुढे काही बोलत नाही.

बाकीचं भराभर सांगते. सकाळी ‘टुडे’ हा बातम्यांचा कार्यक्रम लाव, १९५७ पासून चालू आहे. आठ वाजून दहा मिनिटांनी मंत्र्याला धरून बसवतात ते ऐकून मग ट्रेन पकड. तासाला सहा टोले पडतात, पाच छोटे आणि शेवटचा लांब. ते १९२४ पासूनचे, आणि त्यांवर बोलणं म्हणजे निवेदकाची नामुष्की. ‘विमन्स अवर’ १९४६ मध्ये सुरू झाला तेव्हा बायकांच्या त्या तासाचं निवेदन एका पुरुषाकडे होतं, यावर मी काय बोलणार! ‘जस्ट अ मिनिट’ मध्ये एक मिनिट न अडखळता, शब्दाची पुनरावृत्ती न करता, विषय न सोडता बोलायचं. तुझ्या प्रेझेंटेशनच्या सरावाला उत्तम. आणि ‘आय अ‍ॅम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू’ या विनोदी कार्यक्रमामध्ये मॉर्निंग्टन क्रेसेंट नावाचा एक खेळ असतो. लंडनच्या स्टेशनांची नावं घेत जायचं आणि मॉर्निंग्टन क्रेसेंट म्हणणारा जिंकला. नियम शोधत बसू नकोस, नियम नाहीतच. नियम आहेत असा गंभीर चेहरा करणं हाच खेळ. हे एकदा कळलं की तिथली अर्धी थट्टा कळली.

‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ १९४२ चा. पाहुण्याने निर्जन बेटावर न्यायला आठ गाणी, एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू निवडायची. श्वार्झकोफ नावाच्या मोठ्या गायिकेने १९५८ साली आठातली सात ध्वनिमुद्रणं स्वतःचीच निवडली होती! आपल्याकडेही अशी दोन-तीन नावं मला सुचतात, पण जाऊ दे.

एक आपलं माणूस मात्र माहीत असू दे. जयसिंगपूरला आजीकडे जाताना शिरोळचा फाटा लागतो ना, त्या शिरोळच्या वेणू चितळे. १९१२ चा जन्म, पुण्याला हुजूरपागेत शिकल्या, पुढे इंग्लंडला गेल्या आणि १९४० मध्ये, बॉम्ब पडत असताना, बीबीसीत लागल्या. लेखक जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम केलं, मराठीतून बोलल्या, आणि ‘किचन फ्रंट’ नावाच्या सकाळच्या पाच मिनिटांच्या कार्यक्रमात इंग्रज बायकांना शाकाहारी स्वयंपाक समजावला. रेशनवर मटण जेमतेम, तर काय शिजवायचं, हे तिथल्या बायकांना कोल्हापूरकडची बाई सांगते आहे! हे मला स्टोकला असताना कुणी सांगितलं असतं तर मी आल्यागेल्याला ऐकवलं असतं.

उन्हाळ्यात क्रिकेट ऐक. ‘टेस्ट मॅच स्पेशल’ १९५७ पासून आहे. पाऊस पडून खेळ थांबला तरी हे बोलणं थांबवत नाहीत. श्रोत्यांनी पाठवलेल्या केकवर, कबुतरांवर, मैदानाबाहेरून जाणाऱ्या बसवर तासभर बोलतील. आपल्या पुण्याचे प्रकाश वाकणकरही तिथे समालोचन करून आलेत. ऑगस्ट १९९१ मध्ये ओव्हलवर इयन बोथम अँब्रोजचा चेंडू खेळताना तोल जाऊन स्टंपवरून पाय टाकायला गेला आणि बेल पडली. दिवसाचा आढावा घेताना समालोचक जोनाथन अ‍ॅग्न्यू, म्हणजेच ‘अ‍ॅगर्स’, त्या पायाबद्दल एक वाक्य बोलून गेले आणि शेजारी बसलेले वयस्कर ब्रायन जॉन्स्टन असे हसत सुटले, की त्यांना धावसंख्या सांगता येईना. ‘अ‍ॅगर्स, फॉर गुडनेस सेक, स्टॉप इट’ एवढंच कसंबसं म्हणाले. इंटरनेटवर ते सहज सापडेल. ते वाक्य काय होतं आणि त्यात हसण्यासारखं काय होतं, ते ऑफिसातल्या एखाद्या मैत्रिणीला विचार. मी पत्रात लिहिणार नाही.

तुझी,
आई