सगळे दुष्काळावर ढकलू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या चित्रपटावरचा लेख मी काल दोनदा वाचला. जॉन फोर्ड यांच्या १९४० सालच्या या चित्रपटाला मराठी वृत्तपत्राने अर्धे पान द्यावे, याबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो. परंतु चित्रपटातील जोड या शेतकरी कुटुंबाला दुष्काळाने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातून देशोधडीला लावले, असे लेखकाने एकदा नव्हे तर तीनदा लिहिले आहे आणि ते वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

१९३० च्या दशकात तिथे धुळीची वादळे झालीच नाहीत, असे मी म्हणत नाही. चित्रपटाच्या काही प्रतींना आरंभी जोडलेल्या निवेदनात अवर्षणाचा उल्लेख आहे आणि शेजारचा म्यूली ग्रेव्हज जोडांच्या टॉमला हकिकत सांगतो तेव्हा तोही आधी धुळीचेच नाव घेतो. पण त्यानंतर पडद्यावर काय दिसते, हे लेखकाने पाहिलेच नाही काय? जमीन कंपनीचा माणूस येतो आणि मोटारीत बसल्या बसल्या सांगतो की, या धुळीनंतर कुळे ठेवणे परवडत नाही, एक ट्रॅक्टरवाला बारा-चौदा कुटुंबांची जमीन कसतो, त्याला मजुरी दिली की सगळे पीक मालकाचे. म्हणजे धुळीचा दाखला पुढे करून कुळांना हाकलणारा माणूस कंपनीचाच आहे! मग जाब कुणाला विचारायचा, असे म्यूली विचारतो, तेव्हा कंपनीमागे टल्सातली बँक निघते आणि बँकेच्या व्यवस्थापकालाही हुकूम पूर्वेकडून येतात. शेवटी म्यूलीच्या घरावर ट्रॅक्टर घालायला येतो तो शेजारच्या डेव्हिसचा मुलगा, रोजी तीन डॉलरसाठी. ते घर वादळाने पाडलेले नाही.

शिवाय जोड कुटुंबाचे सॅलिसॉ हे गाव ओक्लाहोमाच्या पूर्व भागातले. धुळीच्या वादळांचा मुख्य पट्टा राज्याच्या पश्चिम टोकाला होता. पूर्वेकडे कापूस पिकवणारी कुळे आणि बटाईदार होते. १९३३ पासून कापसाखालचे क्षेत्र कमी करण्यासाठी सरकार पैसे देऊ लागले, त्यांतला बहुतांश मालकांच्या हाती पडला आणि पडीक ठेवलेल्या जमिनीवरच्या कुळांची गरज संपली. हा चित्रपट जिच्यावर बेतला आहे, त्या जॉन स्टाइनबेक यांच्या कादंबरीवर १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातील कर्न परगण्याने सार्वजनिक वाचनालयांत बंदी घातली होती. नुसत्या अवर्षणाची गोष्ट असती, तर तिला कोण कशाला घाबरले असते?

मी हे इतक्या आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. माझे आईवडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जात. मी सातवीत होतो, त्या वर्षी आमच्या शिवारात पाऊस वेळेवर झाला होता, दीड एकरात बाजरी चांगली आली होती आणि तुरीला फुलोरा होता. तरीही दिवाळीनंतर आम्ही निघालो, कारण आदल्या हंगामात मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नव्हती आणि मुकादम दोनदा दारात येऊन गेला होता. मागे मला ठेवून घेईल असे कुणी नव्हते, म्हणून वडील माझा शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेले. दाखल्यावर कारणाच्या रकान्यात 'दुष्काळ' असे लिहिलेले होते. वडिलांना वाचता येत नव्हते. काय लिहिले आहे, ते त्यांनी मला विचारले आणि मी सांगितल्यावर ते तिथेच व्हरांड्यात थांबले. "पाऊस तर झाला की औंदा. उचल लिवा म्हणावं त्यात," असे ते म्हणाले. मी आत जाऊन गुरुजींना तसे सांगितले, तेव्हा गुरुजी म्हणाले की सगळ्यांचे तसेच लिहितात. त्या पाच महिन्यांत मी फडावर मोळ्या बांधल्या, वाढे गोळा केले आणि माझे ते वर्ष गेले. दाखला आजही माझ्याकडे आहे. रविवारी आपल्या लेखात तोच शब्द तीन वेळा वाचताना मला तो व्हरांडा आठवला. दुष्काळ लिहिले की कुणालाच काही विचारता येत नाही.

आणखी एक गोष्ट. लेखात टॉमची भूमिका करणाऱ्या हेन्री फोंडा यांच्यावर दोन स्तंभ आहेत आणि आईची भूमिका करणाऱ्या जेन डार्वेल यांच्यावर एकच ओळ. फोंडा यांचे काम मोठेच आहे. पण त्यांना ऑस्करचे केवळ नामांकन मिळाले होते, तर या चित्रपटाला मिळालेल्या दोन ऑस्करपैकी एक फोर्ड यांचे आणि दुसरे डार्वेल यांचे. घर सोडण्यापूर्वी ती आई जुनी पत्रे विस्तवात टाकते आणि कानातली दोन डुलं कानांशी धरून अंधुक प्रतिबिंबात स्वतःला पाहते. त्या प्रसंगात तिच्या तोंडी एकही शब्द नाही. लेखकाने त्याचा उल्लेखही करू नये, याचे मला फार वाईट वाटले.

येत्या रविवारी आपण चार ओळींचा खुलासा छापावा, ही विनंती. त्यात ट्रॅक्टर, बँक आणि जमीन कंपनी या तिन्हींची नावे यावीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बीड