छोट्या पावसाआधी टाक्या बसवायच्या आहेत: माकुएनीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

नैरोबीहून मोम्बासाला जाताना माकुएनी काउंटीचा कोरडा, टेकड्यांचा मुलूख आपण सगळ्यांनीच गाडीच्या काचेतून पाहिला आहे. त्या रस्त्यावरून आत वळलं की लागणाऱ्या दोन शाळा आणि आसपासच्या काही महिला गटांबरोबर केनियातल्या आपल्या मराठी मंडळाची सेवा समिती काम करते. त्या कामासाठी आज आपल्याकडे पैसा, वेळ आणि हातातलं कसब मागतो आहोत.

हा कांबा लोकांचा प्रदेश. पाऊस वर्षातून दोनदा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. इथली शेती मुख्यतः दुसऱ्या, छोट्या पावसावर उभी असते. २०२०च्या अखेरीपासून सलग पाच हंगाम पावसाने दगा दिला. मका गेला, मग शेळ्या विकाव्या लागल्या. ती घरं अजून पुरती सावरलेली नाहीत.

कोरड्या महिन्यांत शाळेत येणाऱ्या मुलांच्या एका हातात पुस्तकांची पिशवी असते आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पिवळा कॅन. ते पाणी शाळेच्या चुलीसाठी. त्यातच दुपारची मुथोकोई, म्हणजे सालं काढलेला मका आणि घेवड्याचे दाणे, शिजते. ज्या दिवशी पाणी कमी येतं त्या दिवशी जेवण उशिरा होतं आणि भांडी तशीच राहतात. शाळांना पत्र्याची छपरं आहेत, मोठी आहेत, पण पन्हळी नाहीत. पाऊस पडतो तेव्हा सगळं पाणी अंगणातून वाहून जातं. दोन्ही शाळांना पन्हळी आणि प्रत्येकी १०,००० लिटरची एक टाकी बसवायची आहे, तीही छोटा पाऊस सुरू होण्याआधी. खाली ओटा बांधायला दगड आणि वाळू पालक स्वतः आणून देणार आहेत. ‘म्वेथ्या’ ही एकमेकांच्या कामाला जाण्याची रीत इथे जुनी आहे. हंगामी नद्यांवरचे वाळूचे बांध इथल्या लोकांनी याच पद्धतीने बांधले. श्रम ते घालणार, टाक्या आणि पन्हळींचा खर्च आपण उचलायचा.

दुसरी गरज वर्गातली. २००३मध्ये म्वाई किबाकी यांच्या सरकारने प्राथमिक शाळेची फी माफ केली आणि मुलं शाळेत आली. आता अभ्यासक्रम बदलला आहे. आठवीची जुनी केसीपीई परीक्षा २०२३मध्ये शेवटची झाली, आणि सातवी ते नववीचे ज्युनियर स्कूलचे वर्ग बहुतेक गावांत प्राथमिक शाळेच्याच आवारात भरतात. नव्या अभ्यासक्रमात मुलांनी स्वतः प्रयोग करायचे असतात. इथे मात्र चंचुपात्र आणि बर्नर फळ्यावर खडूने काढून दाखवावे लागतात. जानेवारीत नवं वर्ष सुरू होण्याआधी दोन्ही शाळांना सूक्ष्मदर्शक, काचेचं सामान आणि ते ठेवायला कुलपाचं कपाट द्यायचं आहे. खरेदी नैरोबीतच होईल, म्हणजे काही मोडलं तर बदलता येईल.

आता महिला गटांविषयी. आपल्याकडच्या बचत गटासारखेच हे ‘चामा’. झाडाखाली बैठक भरते. मध्ये लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, आणि तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या घरी. तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही. प्रत्येकीने टाकलेली रक्कम मोठ्याने मोजली जाते, वहीत लिहिली जाते, मग कर्जं दिली जातात: कुणाला कोंबड्यांसाठी, कुणाला बियाण्यासाठी. या बायकांना बचत कशी करावी हे शिकवायला आपण जायची काही गरज नाही. त्यांनी आमच्याकडे मागितलं ते वेगळंच: माल घेणारं गिऱ्हाईक आणि खर्चाचा नीट हिशेब.

या बायका विणतात ती कियोंडो टोपली आपल्यातल्या अनेकींच्या खांद्यावर असते. सायसलच्या, म्हणजे घायपातीच्या, पानातून धागा काढायचा, वाळवायचा, रंगवायचा, मांडीवर वळून त्याची दोरी करायची आणि मग तळापासून गोल विणत वर यायचं. टोपली विणण्यात किती दिवस गेले हे किंमत ठरवताना कुणी धरतच नाही, आणि दलाल सांगेल तो भाव घ्यावा लागतो. आपल्यातल्या हिशेबनिसांनी आणि दुकानदारांनी गटाबरोबर बसून किंमत बांधून द्यावी, आणि नैरोबीत ती देणारी दुकानं शोधावीत.

माकुएनी आंब्याचा मुलूख आहे. काउंटी सरकारचा फळप्रक्रिया कारखाना कलांबाला आहे, पण हंगामात सगळीकडे एकदम आंबा पिकतो, भाव कोसळतो आणि झाडाखाली फळ सडतं. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांचं तर कुणी काहीच करत नाही. कोकणातून आलेल्या आपल्या काकू-मावशींनी या कैऱ्या वाया कशा जाऊ द्याव्यात? लोणचं, आमचूर, आंबापोळी यांना नैरोबीच्या भारतीय दुकानांत मागणी आहे. ते करायला शिकवणाऱ्या बायका हव्यात, आणि विक्रीसाठी लागणारी केनियाच्या मानक संस्थेची परवानगी मिळवून देणारा, अन्नप्रक्रियेतला जाणकारही हवा.

जुने कपडे कृपया पाठवू नका. मितुम्बाच्या बाजारात ते ढिगाने मिळतात. भारतातली पाठ्यपुस्तकंही इथल्या अभ्यासक्रमाला चालत नाहीत. शनिवारी शाळेत येणाऱ्यांनी गणित, विज्ञान, संगणक यांत शिक्षकांना मदत करायची आहे, त्यांची जागा घ्यायची नाही. मुलांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नयेत, ही समितीची अट आहे. भारतातून येऊन काम करू इच्छिणाऱ्यांनी पर्यटक म्हणून मिळणाऱ्या प्रवेश-परवानगीवर भिस्त ठेवू नये, योग्य परवान्याविषयी आधी आमच्याशी बोलावं.

२०१७मध्ये केनिया सरकारने इथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. माकुएनीची मुलं मग आपल्याच देशाची मुलं ठरतात, आणि त्यांच्या टाकीचा खर्च हा आपल्या घरचा खर्च आहे असं आम्ही मनापासून मानतो.

केनियातल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने महिन्याला निदान ५०० शिलिंग द्यावेत अशी विनंती आहे. एकदम मोठी रक्कम देणाऱ्यांनी टाकी किंवा प्रयोगशाळा यांपैकी एक काम निवडावं. पैसे एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, फक्त मंडळाच्या पेबिल (संस्थेच्या खात्याच्या) क्रमांकावर भरा, कुणाच्याही वैयक्तिक नंबरवर नको. क्रमांक कार्यालयातल्या फलकावर आहे. भारतातून पाठवणाऱ्यांना बँकेमार्फत परदेशी देणगी म्हणून रक्कम पाठवता येते, मात्र तिच्यावर भारतातल्या आयकरातली देणगीची सवलत मिळत नाही, हे ध्यानात असू द्या. जमा-खर्च मंडळाच्या सभेत वाचला जाईल आणि शाळेच्या पालकसभेतही.

टाक्यांची रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत हातात यायला हवी. कसब आणि वेळ देणाऱ्यांनी आपलं नाव, येता येतील ते शनिवार आणि काय शिकवू शकाल ते लिहून सेवा समितीकडे द्यावं.

आपली नम्र,
सेवा समिती